हे सायकलवर, मी स्कूटरवर

"शनिवारी कुठे निघता? एक दिवस पुढे ढकला की!" सासूबाई दारातून म्हणाल्या.

हे सायकलच्या चाकातली हवा दाबून बघत होते. मान वर न करताच म्हणाले, "आई, शनीच्या दारावरूनच जायचंय. घोडेगावच्या फाट्यावर परवानगी घेतो आणि मगच पुढे जातो."

सासूबाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दही-साखरेची वाटी घेऊन त्या पुढे आल्या, ह्यांच्या हातावर चमचाभर ठेवली आणि मग काहीतरी आठवून वाटी लगेच पदराआड केली. आमच्या घरात गेल्या दीड वर्षात साखर, मीठ, तूप, तेल सगळंच असं पदराआड गेलंय!

जानेवारी २०२४ मधली ही सकाळ. सावेडीतल्या आमच्या घरापासून नेवासे साधारण ६० किलोमीटर. वाहनानं गेलं तर गप्पा मारता मारता पोचावं इतकंच अंतर. त्यात लिहिण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण मैत्रिणींनो, ते ६० किलोमीटर जायला आम्हांला सतरा महिने लागले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे हे बँकेत. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत, जवळजवळ ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत पुरी केली. ती बातमी वाचली आणि ह्यांना कॉलेजातली सायकल आठवली. आधी भिंगारपर्यंत, मग राहुरीपर्यंत, मग शिर्डी, आणि बघता बघता ब्रेव्हे. ब्रेव्हे म्हणजे वेळेचं बंधन असलेली लांब पल्ल्याची सायकलफेरी. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी ती जगभर चालते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. पहिला-दुसरा नंबर नाही. वेळेत पोचले ते सगळे सारखे. ह्यांनी ४०० पर्यंत मजल मारली होती.

खरं सांगायचं तर मला ती सायकल म्हणजे सवत वाटायची. रविवार तिचा, पहाट तिची, आणि बोनसही तिचाच. नवरा रात्रभर कुठल्या तरी महामार्गावर असायचा आणि मी उशाशी फोन ठेवून कूस बदलत पडायची.

ऑगस्ट २०२२ ची गोष्ट. रात्री जेवणं झाली आणि ह्यांना छातीत जड वाटायला लागलं. "पित्त असेल," म्हणाले. मी ओवा दिला, कोमट पाणी दिलं. पाऊण तास आम्ही पित्ताच्या नावानं घालवला. मग ह्यांना असा घाम फुटला की बनियन पिळून काढावं. डावा हात, जबडा, सगळं दुखत होतं. शेजाऱ्यांनी गाडी काढली म्हणून वेळेत पोचलो. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. मनगटातून नळी घालून, फुग्यानं ती उघडून, तिथे जाळीची बारीकशी नळी बसवली. तिलाच स्टेंट म्हणतात. ह्यांचं वय सेहेचाळीस.

"अहो डॉक्टर, पण हे तर रोज सायकल चालवतात!" मी म्हटलं. जणू सायकलवाल्यांना झटका येणार नाही असं कुणी लिहून दिलं होतं!

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "ह्यांचे वडील?"

मामंजी बावन्नाव्या वर्षी गेले. झोपेतच.

"कोलेस्टेरॉल कधी तपासलंत?"

कधीच नाही. गरजच काय, एवढा धडधाकट माणूस! डॉक्टर म्हणाले, "सायकलनं हृदयाचा स्नायू बळकट झाला, त्याचा उपयोग झालाच. पण घराण्यातून आलेलं रक्तातलं कोलेस्टेरॉल नुसतं घामानं धुऊन निघत नाही. ते मोजावं लागतं, आणि गरज पडली तर गोळी घ्यावी लागते." आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच गाठतो, हेही त्यांनीच सांगितलं. चाळिशीच्या आत एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही तरी माझ्यासारख्या उशिरा शहाण्या होऊ नका.

हे घरी आले आणि सायकल माळ्यावर गेली. सासूबाईंनी ती जुन्या चादरीत गुंडाळली, वरून सुतळी बांधली. आणि मी? आता लिहायलाही लाज वाटते, पण लिहिते. मी ती विकायला काढली. पलीकडच्या गल्लीतल्या, कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाकडून पाच हजार रुपये आगाऊ घेतले आणि डाळीच्या डब्यात ठेवले. ह्यांना विचारलं नाही. सांगायचीसुद्धा हिंमत झाली नाही.

दोन दिवसांनी तो मुलगा दारात. "काकू, सायकलबरोबर पंपही देणार ना?"

हे समोर खुर्चीवर बसलेले. मला वाटलं, आता आवाज चढणार. पण हे एवढंच म्हणाले, "अगं, दे ना त्याला पंप. माळ्यावर डाव्या हाताला आहे." आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

चिडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून हे माझं सगळं ऐकायला लागले. म्हणीन ते जेवत, म्हणीन तेव्हा झोपत. बिनमिठाच्या भाजीला नाव ठेवेनात. संध्याकाळी गच्चीवर जाऊन रस्ता बघत बसत. जिना चढताना मीच म्हणायची, "हळू हं!" बाजारातून दोन किलोची पिशवी आणली तरी मी हातातून काढून घेई. लोक म्हणत, "किती काळजी घेतेस गं नवऱ्याची!" मला बरं वाटे. एक दिवस आमची लेक, वय वर्षं तेरा, शाळेची वही बंद करून म्हणाली, "आई, बाबा वाचले ना? मग आपल्या घरी असं कुणी गेल्यासारखं का वाटतं?"

मी उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी फ्रीजच्या दारावर तिनं एक कात्रण चिकटवलेलं दिसलं. पुण्याच्या प्रीती मस्के यांचं. दोन मुलांची आई. आजारपण आणि निराशा यांतून बाहेर पडायला चाळिशीच्या सुमारास सायकलकडे वळलेली बाई. जून २०२२ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, लेह ते मनाली हे सुमारे ४३० किलोमीटरचं अंतर, हिमालयातल्या उंच खिंडी ओलांडत, त्यांनी एकटीनं ५५ तास १३ मिनिटांत कापलं. मी ते कात्रण तीनदा वाचलं. आजारपणातून उठायला एक बाई सायकल हाती घेते, आणि दुखण्यातून उठलेल्या नवऱ्याची सायकल मी विकते!

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला गेलो. चालत्या पट्ट्यावरची चाचणी झाली, हृदयाचा फोटो झाला. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "आता काय करावंसं वाटतं?" हे काही बोलेनात. माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडे, म्हणजे शाळेतला मुलगा बाहेर जायची परवानगी मागताना बाईंकडे बघतो तसे! मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीच म्हटलं, "डॉक्टर, ह्यांना सायकल चालवायचीय."

डॉक्टर हसले. म्हणाले, "पूर्वी हृदयविकाराच्या रोग्याला सहा-सहा आठवडे अंथरुणात ठेवत. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला, तेव्हा त्यांना तपासणारे डॉक्टर होते पॉल व्हाइट. रोग्याला चालतं-फिरतं करा, असं सांगणारे. स्वतः म्हातारपणीही सायकल चालवायचे. बॉस्टन शहरात नदीकाठच्या सायकलरस्त्याला त्यांचं नाव दिलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जपणं वेगळं आणि बसवून ठेवणं वेगळं. देखरेखीखाली, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम हाही औषधाचाच भाग आहे. पण मात्रा मी सांगेन तीच."

आणि उठता उठता त्यांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. "तुम्ही कधी तपासलंत?" माझा रक्तदाब निघाला १५०, खालचा ९६! मला वाटे, शाळेच्या तीन तासिका, घर, सासूबाईंचे गुडघे, ह्यांचं पथ्य, म्हणून थकायला होतं. डॉक्टरांनी बजावलं, की बायकांच्या बाबतीत छातीतली कळ दर वेळी ठळक नसते. नुसता दम लागणं, कमालीचा थकवा, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं, एवढ्यावरही ते भागतं. आणि आपण म्हणतो, "दगदग झाली."

घरी आल्याबरोबर डाळीचा डबा उघडला आणि पैसे परत करून आले. तो मुलगा गुणाचा. पंपही घेऊन आला.

मग सुरू झाली आमची दुसरी शाळा. आधी रोज चालणं. मग सपाट रस्त्यावर दहा मिनिटं सायकल, मग पंधरा, मग वीस. पहिलं वर्ष ह्यांना रक्त गोठू न देणाऱ्या दोन-दोन गोळ्या होत्या. पडले तर रक्त थांबायला वेळ लागणार, म्हणून हेल्मेट आणि हातमोजे घातल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल नाही. पूर्वी हे पहाटे चारला निघत. आता सूर्य वर आल्यावरच, कारण कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर ताण येतो. जेवणानंतर दीड-दोन तास सायकलला हात नाही. सर्दी-ताप असेल त्या दिवशी सुट्टी.

एक अडचण मात्र मोठी होती. ह्यांना नाडी संथ ठेवणारी गोळी आहे. त्यामुळे मनगटावरच्या घड्याळात नाडीचा आकडा बघून किती दमायचं ते ठरवता येईना. डॉक्टर म्हणाले, "सोपी खूण सांगतो. चालवताना बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता आलं नाही तरी चालेल, पण वाक्य तुटता कामा नये."

आता एकटा माणूस सायकलवर बोलणार काय? शेवटी मी शिक्षिका कशाला झाले! म्हटलं, "सतराचा पाढा म्हणायचा. मध्येच श्वास तुटला की वेग कमी. तरी तुटला, तर उतरायचं." तेव्हापासून आमच्या गल्लीत पहाटेची भूपाळी म्हणजे 'सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस'. शेजारच्या आजी म्हणाल्या, "दुखणं ह्याच्या डोक्यात गेलं की काय?"

मीही लेकीची सायकल काढली. भिंगारच्या छावणीत झाडांखालचे मोकळे रस्ते आहेत, तिथे रोज अर्धा तास. पहिल्या दिवशी ओढणी साखळीत अडकून पडले. साडी-ओढणीवाल्या बायकांनी काय काय नीट खोचायचं असतं, त्यावर स्वतंत्र लेख होईल. पण सहा महिन्यांत, गोळी आणि सायकल मिळून, माझा आकडा खाली आला.

असो. तर जानेवारीतला तो शनिवार. डॉक्टरांनी ६० किलोमीटरला होकार दिला होता, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत यायच्या अटीवर. हे सायकलवर, मी मागे स्कूटरवर. माझ्या डिकीत केळी, शेंगदाणा-गुळाचे लाडू, पाणी, आणि जिभेखाली ठेवायची गोळी. तशीच एक ह्यांच्या खिशात. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर दोघांनाही पाठ.

२०२४ साली सरकारदरबारी आमच्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर त्याआधीच झालेलं. पण आमच्या तोंडी अजून 'नगरचा औरंगाबाद रोड'च बसलेला आहे. डीएसपी चौक मागे पडला, शेंडी गेली, आणि शहराचा गोंगाट विरला. दोन्ही बाजूंना हलकी मुरमाड जमीन, मध्ये मध्ये शाळूची शेतं. कणसं दुधात आलेली. हुरड्याचे दिवस! एका बांधावर शेकोटी पेटलेली दिसली. हे हात दाखवून ओरडले, "अगं, हुरडा!" मी मागून ओरडले, "चोक किती?" "अडुसष्ट!" असं आमचं संभाषण.

बायजाबाईचं जेऊर गेलं आणि इमामपूरचा घाट आला. नगरकडून जाताना हा घाट उताराचा आहे. आपलं नगर उंचावर, नेवासे खाली गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात. उतारावर हे वाऱ्यासारखे गेले आणि वळणाआड दिसेनासे झाले. माझ्या छातीत धस्स झालं. पुढच्या वळणावर पाहते, तर कडेला थांबून लंगड्या कुत्र्याला बिस्किट देत होते!

घाट उतरलं की पांढरीपूल. इथली भेळ खाल्ल्याशिवाय पुढे गेला तो नगरकरच नव्हे. ह्यांनी दुकानदाराला सांगितलं, "फरसाण नको, मीठ नको, चटणी नावाला." दुकानदार कागदात नुसते चुरमुरे, कांदा, टोमॅटो घालता घालता म्हणाला, "साहेब, ही भेळ नाही, हा उपास आहे." हसता हसता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कांद्यामुळे म्हणा हवं तर.

घोडेगावला शनिवारची गर्दी. इथला जनावरांचा बाजार शुक्रवारचा. शनिवारी मात्र गाड्यांचा ओघ शिंगणापूरच्या रस्त्याला वळतो. घरांना दारं नाहीत म्हणून प्रसिद्ध असलेलं ते गाव. पण तिथल्या चौथऱ्यावर बायकांना पाऊल ठेवायला २०१६ साल उजाडावं लागलं. ह्यांनी फाट्यावरूनच हात जोडले. आईला दिलेला शब्द पाळला.

घोडेगावच्या पुढे मुलूखच बदलतो. मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी आलं की मुरमाड माळ संपतो आणि ऊस सुरू होतो. वडाळा बहिरोबाजवळ तर दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती. पण ह्या गोडीत एक भीतीही आहे. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असतो, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्ताभर डुलत असतात, आणि मागच्या ट्रॉलीला कित्येकदा दिवाही नसतो. इथे मी स्कूटर ह्यांच्या मागे, थोडी उजवीकडे ठेवली. मागून येणारा आधी मला बघेल, असा हिशेब.

नेवासा फाट्यावरून गाव चार-पाच किलोमीटर आत. अकराच्या सुमाराला आम्ही ह्यांच्या मावशींच्या दारात उभे. मावशींनी वय विचारू नये अशा वयाच्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, "ह्या वयात, एवढं होऊनसुद्धा सायकल? मिळतं काय रे त्यातून?"

मी पुण्याच्या निरुपमा भावे यांचं नाव सांगितलं. गणिताच्या प्राध्यापिका होत्या. सत्तरीच्या आसपास पुण्याहून कन्याकुमारीपर्यंत सायकलनं गेल्या. मावशींनी डोळे मोठे केले. "मग मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही ते!"

संध्याकाळी पैस खांबाच्या दर्शनाला गेलो. प्रवरेकाठचं हे गाव ज्ञानेश्वरीचं जन्मस्थान. ह्याच खांबाला टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात, आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. त्या बाबांची आख्यायिका मी लहानपणी ऐकली होती, पण त्या संध्याकाळी ती नव्यानं कानांवर पडली. मावशीच सांगत होत्या. ज्ञानदेव नेवाशात आले तेव्हा सच्चिदानंदबाबांची प्रेतयात्रा निघाली होती. त्यांच्या पत्नीनं ज्ञानदेवांच्या पाया पडून नमस्कार केला. त्यांनी तिला अखंड सौभाग्याचा आशीर्वाद दिला, आणि तो खरा करण्यासाठी तिच्या नवऱ्याला उठवलं. तोच माणूस पुढे नऊ हजारांच्या घरातल्या ओव्या उतरवून घ्यायला बसला.

आख्यायिकेचं खरं-खोटं करायला मी बसले नाही. मी विचार करत होते त्या बाईचा. नवरा मरणाच्या दारातून परत आला. मी असते तर म्हटलं असतं, "अहो, आता कसलं लिहिणं? पडून राहा. डोळ्यांना ताण नको. थंडीत बाहेर बसू नका." तिनं तसं केल्याचं काही ऐकिवात नाही. परत मिळालेला माणूस तिनं घरात कोंडून ठेवला नाही. भीती काय तिला वाटली नसेल? दिव्यात तेल मात्र तिनंच घातलं असेल.

रविवारी परत निघालो. येताना सगळा चढ. पांढरीपुलाला थांबलो. ह्यांनी केळं खाल्लं, पाणी प्यायले आणि म्हणाले, "अगं, एक मागणं आहे. घाटात तू मागे नको. तू पुढे जा, वर थांब."

"का?"

"तू मागे असलीस की मी तुझ्या स्कूटरचा आवाज ऐकत बसतो. माझ्या छातीचा आवाज मला ऐकू येत नाही."

काय बोलणार? म्हटलं, "पाढा?"

"म्हणीन."

"उतरायला लाज वाटून घ्यायची नाही."

"नाही."

मी पुढे गेले. घाटमाथ्यावर रस्त्याच्या कडेला मोकळी जागा बघून स्कूटर उभी केली. घड्याळात पाहिलं, नऊ वाजून दहा. सावकाश आले तरी अर्धा तास पुरे, असा माझा अंदाज. ट्रक घरघरत वर येत होते. एक उसाचा ट्रॅक्टर आला, एक वऱ्हाडाची जीप आली. साडेनऊ झाले. पावणेदहाला पाच कमी. फोन हातात होता, पण करायचा नाही असं मीच मला बजावलं होतं. फोन वाजला की हे थांबणार, हात सोडणार, त्यात तोल जायचा. पावणेदहा. माझा हात डिकीतल्या गोळीवर. पाऊण तास पित्ताच्या नावानं घालवला होता ती रात्र आठवली आणि पाय लटपटायला लागले. स्कूटर वळवली. चावी लावली. आणि चावीवर हात ठेवून तशीच उभी राहिले. पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं आणखी, मग जायचं.

दोन मिनिटांनी वळणावर पिवळं हेल्मेट दिसलं. हे सायकलवर नव्हतेच! सायकल हातात धरून चालत येत होते. माझा जीव गोळा झाला. पण चाल स्वच्छ होती, आणि ओठ हलत होते. जवळ आल्यावर ऐकू आलं, "सतरा नव्वे त्रेपन्नासे."

"काय झालं?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"काही नाही. शेवटच्या चढाला सहाव्याला अडखळलो. उतरलो. तुझा नियम." मग हसून म्हणाले, "पूर्वी असं उतरलो असतो तर आठ दिवस तोंड दाखवलं नसतं."

मी त्यांना लगेच बसू दिलं नाही. चढ संपला की एकदम थांबायचं नसतं, पायांत उतरलेलं रक्त परत यायला वेळ द्यायचा असतो. दहा मिनिटं आम्ही दोघं घाटमाथ्यावर हळूहळू फिरलो, मध्ये सायकल. लग्नाआधी नगरच्या रस्त्यांवर असेच फिरत होतो, एवढं कसं विसरले होते मी?

जेऊरपासून हे पुन्हा सायकलवर बसले. मी पुढेच राहिले. मागे वळून पाहिलं नाही असं म्हणणार नाही. आरसा असतोच की स्कूटरला.

त्यानंतर वर्षअखेरीस, डॉक्टरांची चाचणी पुन्हा देऊन, ह्यांनी २०० किलोमीटरची ब्रेव्हे केली. तेरा तास दहा मिनिटं लागली. पूर्वी दहा तासांत यायचे. वेळ संपायला वीस मिनिटं उरली होती, पण नियमाप्रमाणे तेही सगळ्यांसारखेच! ३०० आणि ४०० आता नाही. रात्रीचं जागरण आणि त्या पुढचा ताण नको, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि हे ऐकलं ते माझ्या धाकानं नाही, स्वतःच्या मनानं. अती लांब पल्ल्याच्या व्यायामानं मध्यमवयीन पुरुषांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढू शकतो, हे त्यांनीच वाचून मला सांगितलं. पूर्वी घरी आले की किती लवकर पोचलो ते सांगत. आता वाटेत काय काय पाहिलं ते सांगतात.

मैत्रिणींनो, प्रत्येकीच्या घरचं दुखणं वेगळं. आमच्या डॉक्टरांनी ह्यांना जे सांगितलं ते तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उचलू नका. पण कुणाला जपता जपता आपण त्याला माळ्यावर तर टाकत नाही ना, एवढं मात्र अधूनमधून तपासावं. आणि त्याच फेरीत स्वतःचा रक्तदाबही मोजून घ्यावा.

सायकल आता हॉलमध्येच असते. यंदा दसऱ्याला ह्यांनी सायकल धुऊन पुसून दारात उभी केली. सासूबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं, हँडलला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग थोडं थांबून माझ्या लेकीच्या जुन्या सायकलकडे बोट दाखवत म्हणाल्या, "आणि तिची कुठंय? आण की तीही. सुनेची सायकल बिनपूजेची कशी ठेवायची?"